कडकनाथच्या काळ्या जोडीला गोऱ्या कातडीची पिल्लं का होतात? विकणाऱ्याने फसवलं का?

तुम्ही निपाणीकडचे. जोडी जिभेपर्यंत काळी बघून घेतलीत, तरी पिल्लांत दोन-तीन गोऱ्या कातडीची निघाली. फसवणूक झाली का, आणि प्रदर्शनात उभे करता येतील असे पक्षी कसे तयार करायचे, हे तुम्हाला विचारायचं आहे.

फसवलं असेलही. पण प्रश्नात तुम्ही सगळा राग कोंबड्यावर काढलाय, ते चूक. काळ्या जोडीला गोरं पिल्लू होतं तेव्हा खोट दोघांत असते. एकट्या नरात असती तर पिल्लं सगळी काळीच दिसली असती. हे आपल्याकडं कुणाला पटत नाही, म्हणून लिहितोय.

कातडी, मांस, हाडावरचा पापुद्रा काळा करणारा एक गुण आहे, फायब्रोमेलानोसिस. आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पक्षी काळा दिसतो. म्हणजे अर्ध्या रक्ताचा पक्षीही बाजारात कडकनाथ म्हणून खपतो. असे दोन अर्धे एकत्र आले की सरासरी चारात एका पिल्लाला तो गुण आई-बाप कुणाकडूनच मिळत नाही. तुमची गोरी पिल्लं तीच.

दुसरा गुण कातडीतला काळा रंग दाबणारा. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या कोंबड्यांत तो असतो, आणि तो लिंगाच्या गुणसूत्रावर बसतो. मादी ते गुणसूत्र फक्त मुलग्यांना देते. मुलींना ते बापाकडूनच मिळतं. सगळा घोळ इथं आहे.

खानापूरच्या बाजूला ओळखीचे एक मामा आहेत. त्यांनी कडकनाथचा कोंबडा पिवळ्या पायाच्या गावठी माद्यांत सोडला. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, निघाल्या काळ्याकुट्ट, नर मळकट गोरे, पंखाखाली काळे डाग. मामांनी निकाल दिला, "लेकी बापावर जात्यात." पुढच्या खेपेला उलटं केलं: कडकनाथच्या माद्या, वर पिवळ्या पायाचा गावठी कोंबडा. पिल्लं नर-मादी सगळी गोरीमळकट. मामा विकणाऱ्याच्या दारात जाऊन भांडले, की माद्या बनावट. विकणारा शपथा घेत होता, आणि खरं बोलत होता. पहिल्या खेपेला लेकींना बापाकडून दाबणारा गुण मिळालाच नव्हता, कारण तो कडकनाथमध्ये नसतो. मुलग्यांना तो आईकडून आला. दुसऱ्या खेपेला बापच पिवळ्या पायाचा, त्याने तो सगळ्यांना वाटला. मामांचं म्हणणं अजून तेच, "बी कोंबड्याचं, कोंबडी नुसती जमीन." कोंबडा चांगला आणला की घराणं सुधारलं, ही समजूत या पट्ट्यात इतकी घट्ट आहे की मादी निवडताना कुणी तोंडसुद्धा उघडून बघत नाही.

आणि त्या पहिल्या खेपेच्या काळ्या तलंगांचं काय झालं? शुद्ध म्हणून विकल्या गेल्या. अशा तलंगेवर शुद्ध नर सोडला तरी पिल्लं सगळी काळी दिसतात, पण त्यातली साधारण निम्मी पुन्हा अर्धीच. त्या पिल्लांची आपसात जोडी लागली की तुमच्यासारखा प्रश्न उभा राहतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते ठीक आहे. त्या शिक्क्याने निपाणीतल्या पक्ष्याचं रक्त तपासलं जात नाही.

आता तपासणी. नवा नर आणाल तो आधी पिवळ्या पायाच्या गावठी माद्यांवर घ्या. माद्यांजवळचा जुना नर काढून ३ आठवडे जाऊ द्या, तोवरची अंडी धरू नका. मादीच्या पोटात जुनं बी टिकतं. पिल्लं ६ आठवड्यांची झाली की तुऱ्यावरून नर वेगळे करा आणि फक्त तलंगा मोजा, नर मोजायचे नाहीत. एकही तलंग गोरी निघाली तर नर अर्धा. ७ तलंगा सलग काळ्या निघाल्या तर नर अर्धा असण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. मादी तपासायची तर तिच्यावर अर्धा ठरलेला नर सोडा. तुमचा आत्ताचा नर त्या कामाला उत्तम, कापू नका. इथं मात्र १७ पिल्लं काळी निघाली पाहिजेत, तेव्हा तेवढीच खात्री होते. गोरं निघालेलं पिल्लू, त्याचे आई-बाप आणि भावंडं पैदाशीतून बाद.

कडकनाथ मादी अंड्यांवर नीट खुडूक बसत नाही. अंडी गावठीखाली ठेवा. पिल्लू निघाल्या दिवशीच बोटांमधल्या पडद्याला भोक पाडून घराण्याची खूण करा, महिन्याने आठवत नाही. तीन घराणी ठेवा: माद्या जागच्या जागी, पहिल्याचे नर दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात.

प्रदर्शनाचा पक्षी निवडताना टाळू आणि गुदद्वाराभोवतीची कातडी बघा, पिसं नंतर. तुरा जांभळट चालतो, टोमॅटोसारखा लाल नाही. तुऱ्याच्या बाजूला फुटलेला जादा कोंब, एका अंगाला वळलेली शेपूट, वाकडी बोटं, कात्रीसारखी चोच: ताबडतोब बाद. काळा, पेन्सिल्ड (पिसांवर बारीक रेघांचा) आणि सोनेरी हे तीन प्रकार एकमेकांत मिसळू नका. काळ्या नराच्या मानेवर सोनेरी-चंदेरी पिसं डोकावायला लागतात आणि ती काढायला पिढ्या जातात. शेपटीचं मोडलेलं पीस कापलं तर पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. उपटलं तर ६ ते ८ आठवड्यांत नवं येतं, म्हणून तारीख बघून उपटा. पिसं येताना सुकट आणि तिळाची पेंड द्या. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात बुरशी धरते, आणि खानापूरच्या दमट हवेत तर ती देऊच नका, यकृत जातं. दुपारच्या उन्हात काळं पीस तांबूस पडतं, सावली ठेवा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी कोमट पाण्यात शाम्पूने धुवा, दुसऱ्या पाण्यात थोडं व्हिनेगर, तिसरं साधं. मग कोरड्या पेंढ्यावर ठेवा.

एक राहिलं. तपासणीतली गावठी मादी काळ्या-निळसर पायाची असेल तर तिच्यात दाबणारा गुण नसतो. मग नर-मादी सगळीच पिल्लं मोजता येतात.

मामा हे वाचणार, कुणीतरी पाठवेलच. मामा, त्या भांडणातल्या माद्या अजून खुराड्यात असतील तर त्यांच्यावर अर्धा ठरलेला नर सोडा. एकेकीची १७ पिल्लं काळी निघाली तर विकणाऱ्याकडं पुन्हा जायचं, या वेळी खाली मान घालून.