केबल टिकेल, ब्रॅकेटचं बघा

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन आसनी विमानात रडरला (पायाच्या पेडलने हलणारी शेपटीवरची उभी फळी, जी विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवते) अष्टमांश इंची केबल पुरेल की जाड घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. अष्टमांश पुरते. 7×19 विणीची (19 बारीक तारांचे 7 पेड) गॅल्व्हनाइज्ड घ्या, ती 2000 पौंडांपर्यंत तुटत नाही. मला काळजी आहे ती तुमच्या चित्रातल्या पुलीच्या ब्रॅकेटची.

हिशेब करू. 2017 पर्यंतच्या अमेरिकी नियमांत लहान विमानाच्या रडर पेडलवर पायाचा जोर 200 पौंडांपर्यंत धरत. केबल तुम्ही पेडलच्या निम्म्या उंचीवर जोडलीय, म्हणजे तिच्यात 400. त्यावर सुरक्षेसाठी दीडपट धरा, 600 पौंड, 272 किलो. पुढे सीटमागे ती काटकोनात खाली वळते. तिथे ब्रॅकेटवर 1.41 पट, म्हणजे 385 किलो येतात. आणि ब्रॅकेट आहे 1 मिमी पत्र्याचं, पुलीची आस धरणाऱ्या एकाच कानावर.

माझं पहिलं ब्रॅकेट असंच होतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये केबल पुलीवरून खाली सोडली आणि सिमेंटची पोती टांगली. चौथ्या पोत्याला कान वाकला, केबल पुलीवरून उतरून कडेला घट्ट अडकली. हवेत हे झालं असतं तर रडर जाम! मग दोन्ही कानांचं पोलादी ब्रॅकेट केलं, केबल निसटू नये म्हणून गार्ड पिन घातली. सहा पोती टांगली, जागचं हललं नाही.

जमलं तर ते वळणच काढून टाका, केबल बाजूने सरळ मागे न्या. फेअरलीडने (केबल ज्यातून सरकते ती न फिरणारी कडी) 3 अंशांपेक्षा जास्त वळवू नका, तिथे पुलीच हवी. टोकाला थिंबल (केबलच्या फासात बसणारी खोबणीची कडी) आणि फास पक्का करणारी तांब्याची स्लीव्ह: दाबयंत्राने तीन दाब, पहिला मधला, मग दाब पुरेसा बसला का ते गेजने तपासा. हार्डवेअरच्या दुकानातला यू-क्लॅम्प इथे अजिबात नको. रडरचा स्टॉप, म्हणजे त्याला ठरावीक कोनापुढे जाऊ न देणारा अडसर, रडरपाशीच बसवा. नुसता पेडलला ठेवलात तर मागून वाऱ्याचा झोत आला की सगळा झटका केबलवर येतो.

आपल्याकडचा उन्हाळाही धरा. जानेवारीच्या पहाटे ताण लावला आणि मे महिन्यात तापमान 30 अंशांनी चढलं, तर 4 मीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियम 2.8 मिमी वाढतं, पोलादी केबल 1.4. केबल बंद फेऱ्याची असेल, म्हणजे पेडल ते रडर आणि परत अशी अखंड, तर या फरकाएवढी ताणली जाते आणि पेडल जड लागतात. म्हणून फेरा बंद करू नका, दोन्ही पेडलना स्प्रिंग लावून ताण स्प्रिंगवर सोडा.

नवं ब्रॅकेट कापण्याआधी त्याचं चित्र इथे टाका, भोकांची कडेपासूनची अंतरं लिहून.