दरवाज्याच्या पॅनेलवरचे कापड गोंद लावूनही पुन्हा का सुटते?

गाडीच्या दरवाज्याच्या आतल्या पॅनेलवरचे कापड फुगले आहे, स्प्रेचा गोंद मारूनही ते पुन्हा सुटले, तर याहून जोरकस गोंद कोणता आणि पॅनेल न काढता काम होईल का, असे आपण विचारले आहे. ‘जोरकस गोंद’ हे शब्द वाचून मला राहवले नाही, कारण माझे थोरले मेहुणे आणि मी यांच्यातला फार जुना वाद नेमका याच शब्दांवरून आहे. सुटलेल्या कोणत्याही वस्तूला आणखी गोंद लावावा, एवढेच त्यांचे शास्त्र आहे.

वडिलांची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मागच्या एका दरवाज्यावर हात टेकायच्या जागेच्या वरचे कापड पुरीसारखे टम्म फुगलेले होते. मेहुण्यांनी सिरिंज मागवली, कापडात सुई खुपसून आत झटपट चिकटणारा गोंद सोडला, वरून तळहाताने दाबले आणि काम झाल्याचे घरभर जाहीर केले. ऊन वाढताच फुगा परत आला, तो आधीपेक्षा मोठा. शिवाय गोंद झिरपला तेथे कापड टणक होऊन त्यावर पांढरट डाग उमटले, जे कशानेही निघाले नाहीत. मेहुण्यांनी दोष गोंदाला दिला आणि पुढच्या वेळी दुसरा आणतो म्हणाले. त्या वेळेची वाट न पाहता मी पॅनेल उतरवून कापड उचलले, तर पिवळसर, किंचित चिकट भुगा मांडीवर सांडला. कारखान्यात लावलेला मूळ गोंद मात्र प्लास्टिकला घट्ट धरून होता आणि त्याच्यावर फोमचा पातळ थरही शाबूत होता. उरलेला फोम कापडाच्या पाठीला होता. म्हणजे दोन्हीकडची पकड टिकली होती आणि फोम मधल्यामध्ये फाटला होता. तो भुगा मी कागदाच्या पुडीत घालून मेहुण्यांपुढे ठेवला, त्यावर ही धूळ असल्याचे त्यांनी सांगितले आणि आजही त्यांचे तेच म्हणणे आहे.

ती धूळ नव्हे. बहुतेक गाड्यांत हे कापड सुटे नसते, त्याच्या पाठीला काही मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम जोडलेला असतो आणि पॅनेलला चिकटवलेला असतो तो हा फोम. उष्णता, दमट हवा आणि ऑक्सिजन यांनी त्याची रासायनिक साखळी वर्षानुवर्षे तुटत जाते आणि शेवटी बोट लावले तरी तो चुरतो. छताचे कापड लोंबते तेही याच कारणाने. अशा चुरलेल्या फोमवर जगातला सर्वोत्तम गोंद लावला, तरी तो भुग्याला चिकटतो, पॅनेलला नव्हे.

म्हणून कापड सोडवल्यावर त्याच्या पाठीवरचा आणि पॅनेलवरचा सगळा फोम मऊ ब्रशने किंवा कोरड्या हाताने घासून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, नाकातोंडात भुगा जातो, म्हणून मास्क लावावा. पण खरी दुरुस्ती हीच आहे, चिकटवणे हा तिचा सोपा भाग. गोंद उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट प्रकारचा हवा, कारण बाहेर 38 अंशांच्या आसपास तापमान असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तासाभरात 70 अंशांच्या जवळ जाऊ शकतो आणि कागद-पुठ्ठ्यासाठीचा साधा स्प्रे त्याच्या बऱ्याच अलीकडे मऊ पडतो. डब्यावर गाडीच्या छताचा किंवा आतल्या कापडाचा उल्लेख आणि तापमानाची मर्यादा छापलेली असेल तोच घ्यावा. तो दोन्ही पृष्ठभागांवर पातळ मारावा, बोटाला लागणे थांबेपर्यंत सुकू द्यावा आणि मग मधून कडांकडे दाबत जावे. ओला असतानाच घाई केली तर तो कापडातून वर येऊन डाग पाडतो. फोम काढल्यावर कापड थोडे पातळ दिसते आणि पॅनेलवरचा खडबडीतपणा वर उमटतो. ते नको असेल तर फोम जोडलेले नवे कापड घ्यावे.

पॅनेल न काढता होईल का, याचे माझे उत्तर नाही असेच आहे, कारण कापडाच्या कडा बहुधा पॅनेलच्या मागे वळवलेल्या किंवा खाचेत दाबलेल्या असतात. मात्र फक्त एखादी कड उचकटली असेल आणि आतला फोम दाबल्यावर परत वर येत असेल, तर जागेवरच गोंद लावून भागते, एवढे मेहुण्यांच्या बाजूने मान्य करतो. सिरिंज तरीही नको.

राहिलेली गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. काही गाड्यांच्या दरवाज्यात एअरबॅग किंवा तिचा सेन्सर असतो, तेव्हा पॅनेलला हात लावण्यापूर्वी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून बॅटरीची वायर सोडावी आणि पुस्तिकेत सांगितले असेल तितका वेळ थांबावे. एअरबॅग दरवाज्यातच असेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे. पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो फाटला असेल तर काचेवरून दरवाज्यात उतरणारे पाणी पॅनेलपर्यंत येऊन नवा गोंदही सोडवते, म्हणून कापड चिकटवलेले पॅनेल परत बसवण्यापूर्वी तो पडदा आधी नीट करून घ्यावा.