पेन टॅब्लेट घेताना ८१९२ प्रेशर लेव्हल पुरतात, की १६३८४ साठी थांबावे?

तुम्हाला पहिलाच पेन टॅब्लेट, म्हणजे संगणकावर पेनने चित्र काढायची पाटी, घ्यायचा आहे आणि प्रेशर लेव्हलच्या, म्हणजे पेनवरचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो त्याच्या, ८१९२ व १६३८४ या दोन आकड्यांत तुमची निवड अडली आहे. शिवाय तो स्क्रीनचा घ्यावा की बिनस्क्रीनचा, असेही तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की या आकड्याकडे पाहूच नये.

मी अनेक वर्षे २०४८ लेव्हलच्या टॅब्लेटवर काम करत होतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो पाहून ‘हे तर खेळणे आहे’ असे चारचौघांत म्हटले आणि ते मला इतके लागले, की महिन्याभरात मी ८१९२ लेव्हलचा नवा टॅब्लेट घेतला. पहिल्याच दिवशी एका चेहऱ्याच्या पापण्या काढायला बसलो. पापणीचा केस मुळाशी जाड असतो आणि टोकाला नाहीसा होतो. तो काढताना हात शेवटी जवळजवळ हवेत असतो. नव्या पेनला तो हलका स्पर्श कळतच नव्हता. रेघ टोकाला निमुळती न होता मध्येच तुटत होती आणि उमटायची तेव्हा एकदम ठसठशीत उमटायची. उमटावी म्हणून मी पेन दाबत राहिलो आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून आले.

यामागचे कारण साधे आहे. निब, म्हणजे पेनचे लिहिते टोक, किती ग्रॅम दाबापासून रेघ उमटवू लागते, हा एक गुण. तिथून पुढच्या दाबाचे किती तुकडे पाडले जातात, हा वेगळा गुण. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात तो दुसरा, हाताला जाणवतो तो पहिला. तुमचा ब्रश ४० पिक्सेल रुंद असेल, तर २०४८ मधल्या सुमारे ५१ लेव्हल एकेका पिक्सेलच्या वाट्याला येतात आणि ८१९२ मधल्या सुमारे २०५. हा फरक हाताला जाणवतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याने तो डोळ्यांवर पट्टी बांधून सिद्ध करावा.

मी ती परीक्षा घेतलीही. एकच डोळा दोन्ही टॅब्लेटवर काढला, दोन्ही चित्रे शेजारी ठेवली आणि ‘यातले खेळण्यावरचे कोणते?’ असे सहकाऱ्याला विचारले. त्याने बराच वेळ न्याहाळून नव्या टॅब्लेटवरच्या चित्रावर बोट ठेवले. त्यानंतर मी प्रेशर कर्व्ह (किती दाबाला किती जाड रेघ, हे ठरवणारे सेटिंग) मुद्दाम बिघडवला असावा, असे त्याचे म्हणणे पडले. (वास्तविक तो मी सुधारून पाहिला होता; पण जो दाब पेनला कळतच नाही, तो कर्व्हने वाढवता येत नाही.)

तेव्हा टॅब्लेट हाताळायला मिळाला, तर पेनचे मागचे टोक दोन बोटांत सैल धरा आणि निब केवळ पेनच्या वजनाने टॅब्लेटवरून ओढा. रेघ उमटली तर पेन चांगले. मग मोजपट्टी लावून अगदी सावकाश तिरकी रेघ ओढा; ती नागमोडी आली, तर तो टॅब्लेट तिथेच सोडा. पेन बिनबॅटरीचे असावे, आणि टॅब्लेट अगदी लहान नसावा, कारण त्यावर सगळे काम मनगटावर येते. टॅब्लेट आणि स्क्रीन यांची लांबी-रुंदीची प्रमाणे जुळवून घेतली नाहीत, तर वर्तुळाचा लंबगोल होतो, तेवढे सेटिंगमध्ये पाहा.

स्क्रीनविषयी थोडक्यात सांगायचे, तर हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ठेवण्याची सवय काही आठवड्यांत होते, म्हणून पहिला टॅब्लेट बिनस्क्रीनचा घेण्यात नुकसान नाही. त्यात मान तरी ताठ राहते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज मिळणाऱ्या ८१९२ लेव्हलच्या टॅब्लेटमध्ये चांगलेही पुष्कळ आहेत, आणि माझे ऐकून कोणी मुद्दाम जुना टॅब्लेट शोधत फिरू नये. जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर (ती संगणकावर चालवणारे प्रोग्रॅम) नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेनासे होतात. माझ्या त्या टॅब्लेटचेही तेच झाले आहे आणि केवळ त्याच्यासाठी मी एक जुना संगणक अजून सांभाळून आहे. त्यावर सहकाऱ्याचे काय म्हणणे आहे, ते इथे लिहीत नाही.