कर्मचारी वरिष्ठांच्या नजरेत कशामुळे भरतो आणि मनातून कशामुळे उतरतो?

आपण विचारले आहे की, वेळेवर येऊन आणि दिलेले काम चोख करूनही वरिष्ठांचे लक्ष जात नाही, तर नेमके काय केल्याने कर्मचारी नजरेत भरतो आणि कशाने मनातून उतरतो. मी अनेक वर्षे पगार विभागाची प्रमुख होते आणि हाताखालच्या लोकांचे अप्रेझल, म्हणजे कामाचे वार्षिक मूल्यमापन, करत होते, त्यामुळे माझ्यापुरते उत्तर सरळ आहे. वाईट बातमी वेळेत सांगणारा माझ्या नजरेत भरतो आणि ती दडवणारा कायमचा उतरतो. वक्तशीरपणा, नीटनेटके काम, सभ्य वागणूक यांवर मी लिहीत नाही; तेवढेही नसेल तर पुढचे बोलण्यात अर्थ नाही. मात्र नजरेत भरणे आणि त्याचे फळ पदरात पडणे यांत किती अंतर असते, हे मी फार जवळून पाहिले आहे, आणि खरे तर त्याचसाठी हे उत्तर लिहायला बसले आहे.

आमच्याकडे हजेरीची नवी प्रणाली सुरू झाली होती. पगाराची फाइल बँकेकडे जायला काही दिवस बाकी असताना माझी एक सहकारी माझ्या टेबलापाशी आली. तिने बिनपगारी रजांचा आकडा मागच्या महिन्याशी ताडून पाहिला होता आणि वाढलेले सगळे खाडे एकट्या रात्रपाळीचे निघाले होते. रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते, म्हणजे येण्याची नोंद एका तारखेला आणि जाण्याची दुसऱ्या तारखेला होते. नवी प्रणाली प्रत्येक तारीख स्वतंत्र धरत असल्यामुळे येण्याच्या नोंदीला जाण्याची जोड सापडत नव्हती आणि रात्रभर राबलेल्या माणसाचा खाडा लागत होता. तिच्या हातात एकच कागद होता. चूक काय आहे, ती कोणाकोणाला लागू होते, निर्णय कधीपर्यंत हवा आणि त्यातून सुटण्याचे दोन मार्ग कोणते, एवढेच त्यावर लिहिलेले होते: एक तर रात्रपाळीच्या नोंदी हाताने जुळवायच्या, नाहीतर या महिन्यापुरता सर्वांना पूर्ण हजेरीचा पगार देऊन फरक पुढच्या महिन्यात वळता करायचा. तिचा कल पहिल्या मार्गाकडे होता, कारण एकदा हातात पडलेला पैसा नंतर कापला गेला की माणसाचा पगारपत्रकावरचा विश्वास उडतो. दोष कोणाचा, याबद्दल त्या कागदावर चकार शब्द नव्हता. आम्ही नोंदी हाताने जुळवल्या, पगार ठरल्या दिवशी झाले, आणि आपला पगार कापला जाणार होता हे रात्रपाळीच्या एकाही माणसाला कळले नाही.

त्याच वर्षी विभागातल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या हातून बँकेच्या फाइलमध्ये काही जणांचे जुने, बंद झालेले खातेक्रमांक गेले. मी आदल्या संध्याकाळी विचारले तेव्हा त्याने सगळे व्यवस्थित असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात दुपारीच ती चूक त्याला दिसली होती आणि गुपचूप दुरुस्त करण्याचा प्रयत्न फसला होता, हे मला पुढे प्रणालीतल्या नोंदींवरून समजले. पगाराच्या दिवशी त्या खात्यांवरचे पैसे परत आले, तक्रारींचे फोन सुरू झाले, आणि मग हा गृहस्थ रात्रभर बसून, काम कुठवर आले याच्या मेल साऱ्यांना पाठवत, आपणच करून ठेवलेले निस्तरत राहिला. सकाळी आमच्या वरिष्ठांनी त्याच्या कष्टांचे कौतुक करणारी मेल सगळ्या कार्यालयाला पाठवली.

वर्षअखेरीच्या बैठकीत बेल कर्व्हच्या हिशेबाने, म्हणजे वरच्या, मधल्या आणि खालच्या रेटिंगच्या जागा आधीच ठरवून देण्याच्या पद्धतीने, आमच्या विभागाच्या वाट्याला वरच्या रेटिंगची एकच जागा आली. मी रात्रपाळीची चूक पकडणाऱ्या सहकारीचे नाव पुढे केले. वरिष्ठ म्हणाले, "हे नाव मी वर्षभरात एकदाही ऐकलेले नाही." मी म्हटले, "पगार करणाऱ्या माणसाचे नाव वर्षभर आपल्या कानावर आले नाही, याहून चांगला दाखला कोणता असतो?" मी तिचा कागद आणि प्रणालीतल्या नोंदी, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, जो घोटाळा झालाच नाही त्याचे श्रेय मोजायचे कसे, आणि रात्रभर बसलेला माणूस तर सगळ्यांनी पाहिला आहे. जागा त्याला मिळाली. ती पुढच्या वर्षी नोकरी सोडून गेली, आणि मला त्याचे नवल वाटले नाही.

आमचे वरिष्ठ वाईट माणूस होते असे मी म्हणणार नाही. एक गोष्ट डोळ्यांत भरली की माणूस सगळ्याच बाबतींत चांगला वाटू लागतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवून दिले होते. त्यांच्या अभ्यासात लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना दिलेले गुण एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. पण हे ठाऊक असताना वर ठरावीक जागांचे कुंपण घालणे मला अक्षम्य वाटते, कारण मग बैठकीत काम तोलले जात नाही, नुसती आठवणीतली नावे पुढे येतात. जॅक वेल्श प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने २०-७०-१० अशी वाटणी, म्हणजे वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि तळाचे दहा टक्के कर्मचारी, रूढ केली आणि तिचे अनुकरण जगभर झाले. मायक्रोसॉफ्टने मात्र असली सक्तीची क्रमवारी २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली. ज्यांना मी त्या बैठकीत भावनेच्या भरात बोलते आहे असे वाटले होते, त्यांनी याचा विचार करावा.

आता आपल्याबद्दल. टोयोटाच्या कारखान्यांत जोडणीच्या रांगेवरच्या कामगाराला दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत बोलावता येते, आणि ठरल्या वेळेत दोष सुटला नाही तर रांग थांबते. तिथे वाईट बातमीला वाट आधीच करून ठेवलेली आहे. कार्यालयात ती आपल्यालाच करावी लागते. माझ्या त्या सहकारीसारखा एक कागद घेऊन जा, आणि तोंडी बोलणे झाले तरी तोच मजकूर मेलने पाठवा. दर महिन्याला वरिष्ठांना चार ओळी लिहून, कोणती अडचण वेळीच सापडली आणि ती कशी मिटवली, हे कळवत राहा. याला पुढे पुढे करणे म्हणत नाहीत. तिच्याबाबतीत त्या ओळी वरच्या पातळीपर्यंत गेलेल्या असत्या, तर "नाव ऐकलेले नाही" हे वाक्य कोणालाही उच्चारता आले नसते. मनातून उतरायचे नसेल तर जमणार नसलेली मुदत कबूल करू नका आणि गैरहजर सहकाऱ्यावर खापर फोडू नका. या दोन्ही गोष्टी वरिष्ठ बोलून दाखवत नाहीत, पण विसरतही नाहीत.

एक सांगायचे राहिले. रात्री उशिरापर्यंत बसणारा प्रत्येक जण देखावा करतो असे मी मुळीच मानत नाही. अनेकांवर कामाचा भारच तेवढा असतो. तसेच काही वरिष्ठ बातमी आणणाऱ्यावरच डाफरतात, आणि अशांच्या हाताखाली माझा सल्ला आपल्याला महागात पडू शकतो. तिथे बातमी लेखीच द्या, आकडे पुन्हा तपासून द्या आणि बदलीची खटपट सुरू ठेवा. हे वाचणाऱ्यांपैकी जे स्वतः रेटिंग देतात, त्यांनी बैठकीत ज्याचे नाव कोणालाच आठवत नाही त्याची फाइल सर्वांत आधी उघडावी. त्या दिवशी माझे हे म्हणणे मान्य झाले नाही, तरी मी ते आजही मागे घेतलेले नाही.