दलदलीत जाऊन मोकळे साप शोधण्याचा अनुभव कसा असतो? भीती वाटत नाही का?

नोकरीनिमित्त काही वर्षं मी दक्षिण फ्लोरिडात होतो. तेव्हा सुट्टीच्या रात्री एव्हरग्लेड्स या तिथल्या दलदलीच्या राष्ट्रीय उद्यानात साप बघत हिंडायचो, त्यामुळे जे सांगतोय ते तिथलंच.

बहुतेकांना वाटतं की गमबूट घालून चिखलात उतरायचं आणि काठीने गवत बाजूला सारत जायचं. तसं करून फारसं काही दिसत नाही. तिथलं सॉग्रास हे खरं तर गवत नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती. पात्याच्या कडांना बारीक दाते असतात, उघड्या हाताची सालटी निघतात. आणि नजर जाईल तिथवर पाणी नि सॉग्रासच असेल तर त्यात साप शोधणार कुठे? म्हणून शोधायची ती कोरडी जागा. रस्ता, कालव्याचा बांध, रस्त्याखालच्या मोरीचं तोंड. सगळा मुलूख इतका सपाट आहे की हातभर उंचवटाही सापांना पुरतो.

मे ते ऑक्टोबर पावसाळा. पाणी चढलं की साप पांगतात आणि रात्री दिवसभर तापलेल्या डांबरावर येतात. पार्कच्या प्रवेशद्वारापासून फ्लमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंत साधारण ६१ किलोमीटरचा रस्ता आहे. काचा खाली करून, गाडी रांगवत जायचं. पहिले काही दिवस प्रत्येक फांदी आणि टायरचा प्रत्येक तुकडा सापच वाटतो. टॉर्च मारली की अ‍ॅलिगेटरचे डोळे लालभडक चमकतात, कोळ्यांचे हिरवट ठिपके दिसतात. सापाचे डोळे मात्र तसे चमकत नाहीत. त्याला ओळखायचं ते आकारावरून. रस्त्यावर मेलेलेही खूप सापडतात, तेवढं मन घट्ट करावं लागतं.

मला सगळ्यात भावला तो मड स्नेक. एरवी चिखलात आणि पाणवनस्पतींच्या मुळांत दडलेला असतो, त्यामुळे दिसणं नशिबाचं. सर पडून गेल्यावर एकदा तो रस्ता ओलांडताना दिसला. ओल्या डांबराहून काळा, तुळतुळीत, आणि पोटाचा लाल रंग दोन्ही कुशींवर त्रिकोणांसारखा चढलेला. शेपटीच्या टोकाला बोथट काटा असतो, त्यावरून लोकांनी नाही नाही त्या दंतकथा रचल्यात, साप बिनविषारी. अँफ्युमा नावाचा, पायांच्या जागी नुसते कोंब असलेला बामेसारखा उभयचर हे त्याचं आवडतं खाणं. पार्कात वन्यजीवांना हात लावायला बंदी आहे, आणि लावायची गरजही नव्हती. गाडीचे दिवे चालू ठेवून तो गवतात शिरेपर्यंत उभा राहिलो.

नोव्हेंबरपासून चित्र उलटं होतं. पाणी ओसरतं, मासे कालव्यांत आणि अ‍ॅलिगेटरांनी उकरलेल्या डबक्यांत कोंडले जातात आणि त्यांच्या मागे पाणसाप. हे आपल्या दिवडाचेच दूरचे भाऊबंद. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर ऊन खात पडलेले असतात, चाहूल लागली की धप्पकन खाली.

याच दिवसांत कॉटनमाउथ जास्त भेटतो, आणि तुमच्या भीतीच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्याच्यापाशी आहे. हा विषारी, आपल्या चापड्यासारखाच डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी खाच असलेला. मोरीच्या तोंडाशी एक वेटोळं घालून बसला होता. मी थांबलो तशी त्याची शेपटी पाचोळ्यावर थरथरायला लागली, मग डोकं मागे नेऊन त्याने जबडा उघडला. आत कापसासारखं पांढरं. अंगावर येणं सोडाच, तो जागचा हललाही नाही. पाठलाग करतो वगैरे ज्या गोष्टी सांगतात, त्यातलं मी काहीच पाहिलं नाही. मी दोन पावलं मागे सरलो, थोड्या वेळाने त्याने तोंड मिटलं. भीती वाटतेच, पण ती पाय कुठे ठेवायचा हे सांगण्यापुरती. न बघता पाऊल किंवा हात टाकणं हाच तिथला खरा धोका.

अजगरांबद्दल कुणीतरी विचारेलच. हे बर्मीज अजगर तिथले नव्हेत, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले. २००० च्या सुमारास ते तिथे रुजल्याचं मान्य झालं आणि २०१२ साली अमेरिकेने त्यांची आयात बंद केली. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, अजगर वाढण्याआधीच्या काळाशी तुलना करता, रस्त्यांवर रकून (अजगरांच्या तोंडी पडणारा एक छोटा सस्तन प्राणी) दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. २०१३ पासून अजगर पकडायच्या स्पर्धाही होतात. स्पर्धांनी फार फरक पडेल असं मला वाटत नाही, कारण रेडिओ ट्रान्समीटर बसवलेला अजगर नेमका कुठे आहे हे ठाऊक असूनही सॉग्रासमध्ये दिसत नाही, असे आठ-दहा फुटांचे धूड! त्यामुळे शेवटी शेवटी असं झालं होतं की रात्री रस्त्यावर एखादा रकून दिसला, तर मी सापाइतकाच खूश व्हायचो.