रानातला चहा करायचाय? गवती चहापासून सुरुवात कर

साताऱ्याजवळ ठोसेघरकडे फिरताना छोट्या शेगडीवर रानपाल्याचा चहा करायचाय म्हणतोस, मस्तच. पण पहिल्या पावसाळ्यात दोनच वनस्पती धर: गवती चहा आणि तुळस. दोन्ही आधी परसात लाव, म्हणजे ओळख पक्की होते. गवती चहाचं पातं चुरगाळलं की लिंबाचा वास येतो, कडेवरून बोट उलटं फिरवलं तर कापतं. वास नसेल तर ते नुसतं गवत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मोबाईलवर फोटो बघून पाला ओळखणं. जाणत्याने हातात घेऊन दाखवल्याशिवाय भांड्यात काही टाकू नकोस.
- "उकळलं की विष जातं" हा समज. जंतू मरतात, धोतरा, कण्हेर यांचं विष तसंच राहतं. कण्हेरीची काडी ढवळायलासुद्धा नको.
- उसाच्या बांधावरचा पाला. तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं, आणि ते उकळूनही जात नाही.

कास पठार संरक्षित आहे, तिथे मात्र काहीही तोडायचं नाही.

आता पाणी. गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळ. मग खळखळ उकळी येऊन निदान 1 मिनिट जाऊ दे. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. महाबळेश्वरला उंचीमुळे पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळतं, तेवढंही पुरतं. पाला शेवटी टाकून झाकण ठेव. पहिल्यांदा पिताना अर्धाच कप घे. गरोदर बायकांना, औषधं चालू असलेल्यांना डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नकोस. आणि दूध घालणार असशील तर चहा खाली उतरवल्यावरच गूळ घाल, नाहीतर दूध फाटेल.