2017 सालच्या वाइनच्या बाटल्या अजून ठेवाव्यात की उघडाव्यात?

वडिलांनी नाशिकहून आणलेल्या चार बाटल्या (दोन तांबड्या शिराझ, आणि पांढऱ्यांपैकी एक सोव्हिन्याँ ब्लाँ, एक शेनिन ब्लाँ) पुण्यातल्या घरी दिवाणात तशाच राहिल्या आणि आता मुरून छान झाल्या असतील का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही पांढऱ्या आजच उघडा. त्यांची सगळी मजा पेरू-लिंबाच्या ताज्या वासात असते आणि तो दोन-तीन वर्षांत उडतो. फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली शेनिन काही दशकं टिकते हे खरं, पण तिथल्या थंडीत द्राक्षाची आंबट धार शाबूत राहते. आपल्याकडची शेनिन लवकर पिण्यासाठीच केलेली असते. रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा असेल, तर तिचे दिवस गेले.

शिराझचं मात्र नुसत्या सालावरून सांगता येत नाही. ती कुठे राहिली, हे सालापेक्षा महत्त्वाचं. हे मी स्वतः करून पाहिलंय. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइनरीच्या 'सेत्ते' या तांबड्या वाइनच्या (साँजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांचं मिश्रण) मी एकाच वर्षाच्या सहा बाटल्या घेतल्या होत्या. पाच वाइनच्या फ्रीजमध्ये 14 अंशांवर आडव्या ठेवल्या. सहावी बाटली, जागा नव्हती म्हणून, माळ्यावर गेली.

पहिल्या वर्षी उघडलेली हिरड्यासारखी तुरट होती, जीभ कोरडी पडली. दुसऱ्या वर्षीची अगदीच मुकी निघाली, ना फळ ना वास. मला वाटलं, संपलं सगळं. पुढे कळलं की बऱ्याच तांबड्या वाइन मध्येच अशा मिटतात आणि पुन्हा उमलतात. चौथ्या वर्षी मी फ्रीजमधली आणि माळ्यावरची शेजारी शेजारी उघडल्या. फ्रीजमधलीचा तुरटपणा मऊ झाला होता, आंबट चेरी परत आली होती, मागे तंबाखू आणि ओल्या मातीचा वास, कडेला रंग जांभळ्याचा विटकरी झालेला. माळ्यावरचीचं बूच उष्णतेनं वर सरकलं होतं आणि आत शिजवलेल्या मनुकांशिवाय काही उरलं नव्हतं. तीच वाइन, तेच साल. त्या दिवसापासून कुणी 'जुनी आहे' म्हटलं की मी आधी 'कुठे ठेवली होती' हे विचारते.

कारण साधं आहे. तुरटपणा देणारे टॅनिनचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना जोडले जातात, रंगद्रव्यालाही धरतात, आणि शेवटी काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. हे सावकाश झालं तर वाइन मुरते, एप्रिल-मेच्या उकाड्यात घाईनं झालं तर शिजते. दिवाणात अंधार असतो, ही तुमची जमेची बाजू, पण पुण्याचा उन्हाळा तिथेही पोचतोच. शिवाय आपल्याकडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे लेबलवर 2017 असलं, तरी तुमची बाटली तिकडच्या 2017 पेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी.

तेव्हा आधी बूच बघा. वर आलंय का, कडेनं ओघळ आहे का, मानेतली पातळी खाली गेलीय का. फिरकीचं झाकण असेल तर निदान बूच सुकण्याची भीती नाही. मग एक शिराझ दिवसभर उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. उघडायच्या आधी अर्धा तास साध्या फ्रीजमध्ये ठेवा, खोलीच्या तापमानाला दारूचा भपकाच पुढे येतो. जुनं बूच भुगा होतं, स्क्रू हळू फिरवा. ओतताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा आणि गाळ दिसला की थांबा.

पहिला घोट लगेच घ्या, दुसरा अर्ध्या तासानं, आणि पाव बाटली झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत राखा. ही पाव बाटलीच तुमच्या प्रश्नाचं उत्तर देईल. दुसऱ्या दिवशी ती अजून खुललेली असेल, तर दुसऱ्या शिराझला दोन-एक वर्षं द्या, पण दिवाणात नको, नीट थंड जागी. अर्ध्या तासातच मावळली, तर दुसरी याच महिन्यात मटणाच्या रश्शाबरोबर संपवा, आणि वडील असतील तर पहिला ग्लास त्यांना द्या.

माझी सहाव्या वर्षी उघडलेली चौथ्या वर्षीपेक्षाही सरस होती. एक उरलीय. तिला आठव्या वर्षी उघडणार आहे.